आठवड्याची पाळी की दोन-दोन दिवसांची?

भट्टी थंड करता येत नाही म्हणून जिथे रविवारीही काम चालतं, अशा कारखान्यांत पाळ्या कशा फिरतात यावर कामगाराची तब्येत जेवढी अवलंबून असते तेवढी आरोग्य शिबिरावर किंवा समुपदेशनाच्या हेल्पलाइनवर नसते. हीट ट्रीटमेंट, डाय कास्टिंग, काच, रसायनं या सगळ्यांना हे लागू आहे. शिबिरं जरूर घ्या, पण पाळीचा तक्ता आधी हातात घ्या.

निवड साधारण दोन पद्धतींत असते. पहिल्या पद्धतीत तीन गट, प्रत्येकाला आठवडाभर एकच पाळी, साप्ताहिक सुट्टीनंतर पाळी बदलते आणि सुट्टीवरच्या माणसाच्या जागी रिलिव्हर उभा राहतो. दुसऱ्या पद्धतीत चार गट: दोन दिवस फर्स्ट (सकाळी सात ते दुपारी तीन), दोन दिवस सेकंड (तीन ते रात्री अकरा), दोन रात्री थर्ड (अकरा ते सकाळी सात), मग दोन दिवस सुट्टी. हे चक्र आठ दिवसांचं.

रविवारी पूर्ण बंद असणाऱ्यांनी दुसऱ्या पद्धतीचा विचार सोडून द्यावा. तीन गटांवर दोन-दोन दिवस फिरवायला गेलं की गुरुवारची थर्ड करून शुक्रवारी सकाळी सातला सुटलेल्या माणसाला त्याच सात वाजता फर्स्टला उभं राहावं लागतं. रात्रीनंतर सुट्टी नसेल तर हे गणित बसतच नाही.

सातही दिवस चालणाऱ्यांनी मात्र माणसं नीट मोजून पाहावीत. आठवड्याचे 168 तास आणि माणशी 48 तास, म्हणजे कमीत कमी साडेतीन गट लागतातच. तीन गट आणि रिलिव्हर यांची बेरीज तेवढीच होते. चार गट केले तर माणसं सातव्या हिश्श्याने वाढतात आणि प्रत्येकाचे आठवड्याचे सरासरी तास 42 वर येतात. खर्च वाढतो, हे खरं. पण साडेतीन गटांवर चालणाऱ्या खात्यात दोन माणसं रजेवर गेली की डबल ड्यूटी आणि दुप्पट दराचा ओव्हरटाइम सुरू होतो, आणि तो खर्च पाळीच्या खात्यावर कुणी लिहीत नाही. शेवटी फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा कमी निघतो. तास 48 चे 42 झाले म्हणून महिन्याचा पगार कमी होणार का, याचं उत्तर पहिल्याच बैठकीत लेखी द्यावं. ते मोघम ठेवलं तर युनियन पुढचं काही ऐकणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

आठवड्याच्या पाळीचे फायदे खरे आहेत. घरच्यांना ती लक्षात राहते. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, शेताला पाणी देणं, सगळं आठवड्याच्या हिशोबाने लावता येतं. बसचे मार्ग आणि कँटीनची ताटं ठरलेली राहतात. ज्यांचा पगार आणि शेती बरोबरीने चालते, त्यांना हीच पद्धत आवडते, आणि त्यात हट्ट नाही.

तरीही माझा कल दुसरीकडे झुकतो, तो एका गोष्टीमुळे: थर्डनंतरची सुट्टी. सात-तीन-अकराच्या पाळ्यांत फर्स्ट-सेकंड-थर्ड असा क्रम असेल तर फर्स्टनंतर 48 तास मिळतात, सेकंडनंतरही 48, आणि सहा रात्री जागलेल्याला फक्त 24. माणूस सकाळी सातला सुटतो, नऊपर्यंत घरी पोचतो, तीनपर्यंत झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बस धरायची म्हणून रात्री नऊला पुन्हा आडवा होतो. सुट्टी म्हणून हाती येते ती एक संध्याकाळ. कायद्याप्रमाणे (2025 पर्यंत 1948 च्या कारखाने अधिनियमातलं कलम 57) रात्रपाळीवाल्याची सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासून सलग 24 तास, त्यामुळे कागदावर यात काही चूक नाही. क्रम उलटा, म्हणजे फर्स्ट-थर्ड-सेकंड केला तर हेच अंतर 56, 32 आणि 32 तास होतं. तीच पद्धत चालू ठेवायची असेल तर निदान एवढा बदल करावा. पाळी पुढे-पुढे सरकावी हा एरवी योग्य सल्ला, पण इथे त्यापेक्षा सुट्टीचे तास मोलाचे वाटतात.

दोन-दोनच्या चक्रात पाळी पुढेच सरकते, प्रत्येक बदलाला 24 तास मिळतात आणि रात्रींनंतर सलग 48. शिवाय रात्री दोनच असतात. सहा रात्रींत शरीर रात्रीला सरावत नाही, कारण दिवसाचा उजेड आणि घरातला आवाज त्याला रोज मागे ओढतात. झोपेची तूट मात्र साठत जाते, आणि माझ्या पाहण्यात चौथ्या रात्रीपासून पहाटे तीन ते पाचमधला माणूस वेगळाच असतो: मोजमाप चुकतं, यंत्राचा गार्ड उघडा राहतो, बोलणं तुटक होतं. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेचा, एचएसईचा सल्लाही पाळी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर निदान तीन आठवडे बदलू नका असाच आहे. आठवडा नेमका या दोन्हींच्या मधे पडतो.

दोन-दोनचं खरं दुखणं रविवार. सुट्टी दर आठवड्याला एक दिवस पुढे सरकते. आठ रविवारांपैकी दोनच सुट्टीत येतात आणि त्यातला एक थर्ड करून आल्यानंतरचा. लग्नकार्य, गणपती, गावची जत्रा यांत माणूस अडकतो. उपाय म्हणजे वर्षाचा तक्ता डिसेंबरातच छापून खिशात मावेल अशा कार्डावर घरोघर पोचवणं आणि दोन गटांतल्या माणसांना आपसांत पाळी बदलायची मुभा देणं, अट एवढीच की दोन पाळ्यांत 12 तासांपेक्षा कमी अंतर पडू नये.

ही पद्धत फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. ऑपरेटर दोन-दोनवर जातात आणि सुपरवायझर, फिटर, इलेक्ट्रिशियन आठवड्यावरच राहतात. मग दर दोन दिवसांनी नवा साहेब, आणि कालचा बिघाड कुणी बघितला होता ते कुणालाच ठाऊक नाही. गट अख्खा फिरवा, त्याचा सुपरवायझर आणि फिटर सोबतच. रजेची सोय चार गटांतही आपोआप होत नाही, दहामागे एक जादा माणूस गटातच धरा. हजेरीच्या मशीनमध्ये रविवार ही सुट्टी पक्की बसवलेली असेल तर पहिल्याच महिन्यात पगार चुकतात, ते आधी तपासा.

कोणतीही पद्धत घेतली तरी फर्स्ट सहाऐवजी सातला सुरू करावी. साडेचारच्या बससाठी उठणाऱ्याची झोप पुढे भरून निघत नाही. डाय (साचा) बदलणं, क्रेनची जड उचल अशी कामं रात्री तीनच्या आत उरकावीत. थर्डचं जेवण साडेबारा-एकला आणि हलकं असावं, चहा चारनंतर बंद. इन्सुलिन घेणारे आणि फिट येणारे यांना कारखान्याच्या डॉक्टरने रात्रपाळीतून वगळावं.

चाचणी एका खात्यात बारा चक्रं, म्हणजे 96 दिवस चालवावी. सहावं चक्र संपायच्या आत मत विचारू नये, तोवर घरचं वेळापत्रक बसलेलं नसतं. विचाराल तेव्हा घरच्यांनाही विचारा. गैरहजेरी, डबल ड्यूटी आणि पहाटेच्या किरकोळ जखमा यांची आधीच्या तीन महिन्यांची नोंद शेजारी ठेवा. खात्यात निम्म्याहून जास्त लोक शेतीवाले असतील तर मीही आठवड्याचीच पाळी ठेवेन, उलट्या क्रमाने.