0:0:50 म्हणून मीठ विकलं! द्राक्षवाल्यांनो, सावध राहा

घडात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडायला लागले, की 0:0:50 (पोटॅशियम सल्फेट खत) लागतंच, आणि नेमकं तेव्हाच दुकानात मिळत नाही. ती वेळ साधून टेम्पोवाला आला. दुकानात 2,300 ला मिळणारं 25 किलोचं पोतं 1,750 ला. वीस पोत्यांचे 35,000 दिले, त्यातले 15,000 रोख. बिल 'उद्या पाठवतो'. पक्कं बिल हातात पडल्याशिवाय पोतं उतरवूच देऊ नका.

पोत्यावर पोटॅश 50 टक्के, गंधक 17.5 टक्के, छपाई चोख. वर त्याने परीक्षाही करून दाखवली. चमचाभर खताच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकले, पाणी दुधासारखं पांढरं. "बघा दादा, सल्फेट!" बांधावर उभ्या कुठल्या शेतकऱ्याला यात खोट दिसली असती? तो साका कुठल्याही सल्फेटचा पडतो, मूठभर मॅग्नेशियम सल्फेट मिसळलं तरी. डिस्टिल्ड पाण्यात नव्याने खत विरघळवून, बेरियम क्लोराइड न टाकता, सिल्व्हर नायट्रेट टाकायला लावा. दाट पांढरा साका बसला की क्लोराइड आहे, म्हणजे मिठासारखी भेसळ, माल परत.

पण खरा राग येतो तो त्या ड्रमचा. जानेवारीची पहाट, पाणी बर्फगार. 200 लिटरमध्ये दोन पोती ओतली, काठीने ढवळलं, आणि सगळं विरघळून तळ स्वच्छ दिसायला लागला. पोटॅशियम सल्फेट 20 अंशांना 100 लिटरमध्ये जेमतेम 11 किलो विरघळतं, थंडीत त्याहून कमी. निम्म्याहून जास्त माल तळाशी राहायला हवा होता! दरवर्षी त्या गाळाने फिल्टर तुंबतो म्हणून आपण वैतागतो. यंदा राहिला नाही, तेव्हा गडी म्हणाला, "माल एक नंबर." मीही मान डोलावली. मीठ आणि एमओपी (पोटॅशियम क्लोराइड खत) असंच चटकन विरघळतं. घरी 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम टाकून बघा, सगळं विरघळलं तर ते 0:0:50 नाही.

आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. खासगी लॅबला 1,200 मोजले: पोटॅश 6 टक्के, क्लोराइड 51. मर्यादा आहे 2.5 टक्के!

कृषी कार्यालयात गेलो तर म्हणे, फोडलेल्या पोत्याचा नमुना चालत नाही. बंद पोती आहेत म्हटलं, तर विक्रेत्याच्या गोदामातलाच माल लागतो. विक्रेता फोन बंद करून पळालाय, त्याचं गोदाम मी शोधायचं? लॅबचा अहवाल 'खासगी आहे' म्हणून बाजूला सारला. पोलीस म्हणतात, कृषी खात्याचं पत्र आणा. कृषी खातं म्हणतं, आधी गुन्हा नोंदवा. खत नियंत्रण आदेश 1985 चा आहे, मग निरीक्षक नेमलेत कशाला? सोळा बंद पोती शेडमध्ये पडून आहेत, अजून एकही जण नमुना घ्यायला फिरकलेला नाही.