कावीळ उतरली, पण कोणती होती?

आमच्याकडे काविळीवर डोक्यात माळ घालतात, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन ती 'उतरवतात', कुणी नाकात देवडांगरीचे थेंब सोडतं. आणि बहुतेक माणसं बरीही होतात. कारण पाण्यातून येणारी ए आणि ई ही हिपॅटायटिसची (विषाणूमुळे यकृताला येणाऱ्या सुजेची) कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच जाते. बी आणि सी मात्र डोळे पिवळे न करताही वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम ठोकतात आणि पुढे सिरोसिस (यकृत कायमचं निबर होणं) किंवा कॅन्सरपर्यंत नेतात. म्हणून कावीळ दिसली की आधी रक्त तपासून प्रकार कोणता ते विचारा.

ए लहानपणी झाला तर पुष्कळदा कळतही नाही. मोठ्या वयात तोच आडवा पाडतो. लहानपणापासून फिल्टरचं पाणी प्यायलेल्या तरुणाने ए ची लस घ्यायचा विचार जरूर करावा. सरकारी मोफत वेळापत्रकात ती नाही, खासगीत मिळते.

ई ची लस चीनमध्ये निघाली आहे, आपल्या औषधाच्या दुकानात ती मिळत नाही. तेव्हा उकळलेलं पाणी हाच उपाय. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती याच विषाणूची. त्याआधी १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. एरवी ई सोडून देतो, गरोदर बाईला सोडत नाही. शेवटच्या तिमाहीत गाठला तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. घरात गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर माळ नको, उद्याची वाटही नको. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

आता रक्तातून पसरणारे दोन. बी ला, म्हणजे लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात तिला, उत्तम लस आहे; पण एकदा तो मुरला की औषधाने ताब्यात राहतो, मुळासकट क्वचितच जातो. सी चं नेमकं उलटं: लस नाही, पण साधारण १२ आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरातले पंच्याण्णवहून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. २००२ च्या आधी रक्त चढवलेलं असेल, डायलिसिस चालू असेल किंवा सुई-सिरिंजबद्दल शंका असेल, तर सी ची चाचणी कराच. तिच्यात दिसणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं, बरं झाल्यावरही दिसत राहतात, म्हणून विषाणू आत्ता आहे का हे थेट विषाणूच शोधणाऱ्या आरएनए चाचणीवरूनच ठरतं.

बी चा संसर्ग प्रौढपणी झाला तर शंभरातले पाचही जण कायमचे अडकत नाहीत. जन्मताना आईकडून आला तर नव्वद बाळं अडकतात. म्हणून लसीचा पहिला डोस २४ तासांच्या आत हवा. बाळंतिणीच्या गडबडीत तो राहू देऊ नका, नर्सला स्वतःहून विचारा. आई बी पॉझिटिव्ह असेल तर बाळाला सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटिबॉडींचं) इंजेक्शनही लागतं.

डी वर वेगळा खर्च नको. बी शिवाय तो जगतच नाही, त्यामुळे बी ची लस त्यालाही अडवते.

आणि घरात कुणी बी पॉझिटिव्ह निघालं तर सगळ्यांची तपासणी करा, ज्यांना संसर्ग नाही त्यांना लस द्या. रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळे ठेवा. एका ताटात जेवायला मात्र काहीच हरकत नाही.