धातूच्या सूक्ष्म कणांतील बंध तपासण्यासाठी ‘एएसई’ : एक परीक्षण

धातूच्या अतिसूक्ष्म कणांत अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, हे ज्यांना स्वतः गणना करून पाहायचे आहे, त्यांना ‘अ‍ॅटॉमिक सिम्युलेशन एन्व्हायर्नमेंट’ म्हणजेच एएसई हे पायथनवर चालणारे मुक्त सॉफ्टवेअर मी निःसंकोच सुचवेन. मात्र त्यासोबत मिळणाऱ्या ईएमटी (इफेक्टिव्ह मीडियम थिअरी) या सोप्या, अंदाजी गणनपद्धतीवर कुठवर विसंबायचे, हे आधी जाणून घेतले पाहिजे.

रचना उभारण्याची सोय हे एएसईचे सर्वांत मोठे बळ आहे. वीस त्रिकोणी पृष्ठांचा, तांब्याच्या १३, ५५, १४७ किंवा ३०९ अणूंचा कण एका ओळीच्या आज्ञेत तयार होतो आणि तो पडद्यावर फिरवून पाहताना विषयाचा गाभाच समोर येतो. १३ अणूंच्या कणात मधल्या अणूला १२ शेजारी असतात, बाहेरच्या प्रत्येकाला मात्र सहाच. ५५ अणूंच्या कणातही ४२ अणू पृष्ठभागावरच असतात. शेजारी कमी असले की उरलेले बंध आखूड आणि एकेकटे पाहता अधिक बळकट होतात, तरीही त्यांची संख्याच घटल्यामुळे प्रत्येक अणूमागची बंधऊर्जा (अणू सुटे करायला लागणारी ऊर्जा) सलग धातूपेक्षा, म्हणजे धातूच्या मोठ्या तुकड्यापेक्षा, कमी राहते. सलग सोन्यात दोन शेजारी अणूंतील अंतर सुमारे २.८८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) असते, तर दोनच अणूंच्या रेणूत ते सुमारे २.४७ पर्यंत येते. हे आखडणे पाठ्यपुस्तकात वाचणे आणि ऊर्जा किमान करताना अणू आत सरकलेले पाहणे, यांत फार अंतर आहे, असे मला मनापासून वाटते.

ईएमटी तांबे, चांदी, निकेल यांसारख्या मोजक्याच धातूंसाठी आहे, पण साध्या लॅपटॉपवरही ती झटपट उत्तर देते. तिची मर्यादा सोन्यात उघडी पडते. सोन्याचे अगदी लहान कण सपाट राहणे पसंत करतात, कारण सापेक्षतावादी परिणामांमुळे, म्हणजे जड अणूंतील इलेक्ट्रॉनांच्या प्रचंड वेगामुळे, त्याच्या ६एस आणि ५डी या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या जवळ येतात. इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांचा (अणूतील त्यांच्या अशा अवस्थांचा) वेगळा हिशेब न ठेवणाऱ्या ईएमटीला हे कळणे शक्य नाही. अशा वेळी तीच रचना जीपॉसारख्या (जीपीएडब्ल्यू) घनता-फलनक गणकाकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, सोपवता येते आणि त्यासाठी आज्ञावलीत फारसा बदल करावा लागत नाही, ही एएसईची मांडणी मला विशेष आवडते. गणनेचा वेळ मात्र कित्येक पटींनी वाढतो, म्हणून आकार ईएमटीने चाचपून घ्यावा आणि बंधांविषयीचा निष्कर्ष जीपॉच्या आकड्यांवरूनच काढावा.