ऑनलाइन शाळेचा अनुभव: शिकवणं चांगलं, पण त्या पीडीएफने जीव नकोसा केलाय

काल रात्री परत "नॉट सबमिटेड" आलं म्हणून लिहायला बसले. मुलगी सहावीत आहे, आम्ही कळव्याला राहतो, सकाळी तिची दादोजी कोंडदेव स्टेडियमला धावायची प्रॅक्टिस असते, शाळेची वेळ काही केल्या जुळेना म्हणून जूनपासून एका खासगी ऑनलाइन शाळेत घातलं. लाइव्ह क्लास, रेकॉर्डिंग वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सांगत बसत नाही.

होमवर्क वहीत करायचा, मोबाइलवर स्कॅन करायचा, सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये, २ एमबीच्या आत, रात्री नऊच्या आधी. मराठी-हिंदीला चालून जातं. भूमितीला नाही! एनसीईआरटीचं २०२४ चं गणित प्रकाश हे पुस्तक आहे, त्यात रचनांचं प्रकरण येतं, कंपासचे कंस पेन्सिलने फिकटच काढायचे असतात. ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन केलं की कंस उडतात, कलर ठेवलं की फाइल २ एमबीच्या वर जाते आणि पोर्टल घेत नाही. मग शेरा काय, तर "कंस दाखवले नाहीत". अहो, वहीत ढळढळीत दिसतायत! तिने क्लासमध्ये वही कॅमेऱ्यासमोर धरली, बाईंनी मान्यही केलं, पण मार्क पोर्टलवर बदलता येत नाहीत म्हणे. सपोर्टला तिकीट टाकलं तर काही न करता "सॉल्व्ह्ड" लिहून बंद. साधा जेपीजी फोटो घ्यायला काय जातं यांचं? घरातला एक मोठा माणूस रोज संध्याकाळी याच कामाला जुंपलेला असतो आणि वर फी आपणच भरायची.

दिवाळीपर्यंत मी सगळ्यांना इथे प्रवेश घेऊ नका म्हणूनच सांगत होते. आता तसं म्हणवत नाही, कारण त्याच गणिताच्या बाई. उत्तर चुकलं की लगेच बरोबर उत्तर सांगत नाहीत, "कसं काढलंस ते बोल" म्हणतात आणि मूल बोलेपर्यंत खरंच थांबतात. आमची मुलगी वर्गात तोंड उघडायची नाही, ती आता अपूर्णांक मला समजावून सांगते. हे साठ मुलांच्या वर्गात झालं नसतं.

तास मात्र फार आहेत. २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्राच्या प्रज्ञाता सूचनांमध्ये पहिली ते आठवीला दिवसाला ३०-४५ मिनिटांची दोनच सत्रं सुचवली होती, इथे पाच आहेत, दुपारी डोळे चोळत बसते.

पैसे भरण्याआधी एक विचाराच, दहावीचं सर्टिफिकेट कोण देणार? अशा बऱ्याच शाळा दहावीला मुलांना एनआयओएसला (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) बसवतात. ते राष्ट्रीय बोर्ड आहे, १९८९ पासूनचं, पण दहावीच्या प्रवेशाला वय १४ पूर्ण लागतं आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. आणि शाळेची वर्कबुकं विकत घेऊ नका, एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत, आमच्या वर्कबुकात निम्मी उदाहरणं तीच निघाली.

पुढच्या वर्षाची फी अजून भरलेली नाही. फोटो घ्यायला लागले तर भरेन. नाहीतर जवळच्या शाळेत सातवीला विचारून ठेवलंय, ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायची तरतूद आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) आहे, त्यामुळे वर्ष वाया जाईल या भीतीने कोणी अडकून राहू नका.