मोटोक्रॉस बाइकवर पहिला खर्च: स्प्रिंग की एक्झॉस्ट?

ट्रॅकवर नव्याने उतरलेल्या एका मित्राचा प्रश्न होता: जमवलेले पैसे रेसिंग एक्झॉस्टवर घालू की सस्पेन्शनवर? जुन्या रायडरना विचारा, बहुतेक जण म्हणतील, सस्पेन्शनचं महत्त्व फार उशिरा कळलं.

खर्चात तुलनाच नाही. पूर्ण एक्झॉस्ट महाग. रायडरच्या वजनाला साजेशी सस्पेन्शनची स्प्रिंग बरीच स्वस्त, आणि सॅग, म्हणजे वजनाने बाइक किती खाली बसते ते, मोजायला तर टेप पुरते.

बाइक स्टँडवर चढवून मागच्या ॲक्सलपासून फेंडरपर्यंत (मडगार्डपर्यंत) माप घ्या. मग हेल्मेट-बूट घालून बसा, पुन्हा मोजा. फरक साधारण 100 ते 105 मिमी हवा. स्प्रिंग आवळून किंवा सैल करून तो जमवल्यावर उतरा आणि बाइक नुसत्या स्वतःच्या वजनाने किती बसते ते पाहा. 30 मिमीपेक्षा कमी बसत असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. हे उलटं वाटतं, पण मऊ स्प्रिंग सॅगसाठी जास्त आवळावी लागते, म्हणून रायडरशिवाय मागचा भाग वरच राहतो.

एक्झॉस्टचा फायदा मुख्यतः वरच्या आरपीएमला. नवखा रायडर तिथे फारसा पोचतच नाही. शिवाय पडल्यावर पाइप चेपतो, फोर-स्ट्रोकच्या सायलेन्सरचं पॅकिंगही बदलावं लागतं. स्प्रिंग वर्षानुवर्षं चालते. फोर्कचं, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचं, तेल मात्र वेळेवर बदला.

खड्ड्यांत हात भरून येत असतील, लँडिंगला बाइक तळाला आदळत असेल, तर आधी स्प्रिंगच घ्या. ज्यांचं सेटिंग जमलंय, पण सरळ पट्ट्यात थ्रॉटल पूर्ण उघडूनही जे मागे पडतात, त्यांनी एक्झॉस्ट घ्यावा.