कापडी छपराची गाडी: एक वर्ष, एक पावसाळा आणि निचऱ्याची दोन भोकं

कार्पेट उचललं तेव्हा खालचा फोम पिळून अर्धी बादली पाणी निघालं. जूनचा शेवटचा आठवडा, विदर्भातला दारव्हा तालुका, छप्पर पूर्ण बंद, दोन्ही खटके घट्ट, रबर कुठेही फाटलेलं नाही. त्याच आठवड्यात एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. सर्व्हिस सेंटरचा अंदाज आला १ लाख ३८ हजारांचा: छपराचं पूर्ण रबर, दोन्ही बाजूंचं कार्पेट, सीटखालचं वायरिंग. दुरुस्ती शेवटी झाली चाळीस रुपयांच्या नायलॉन दोरीने. उघड्या छपराची स्पोर्टी गाडी घ्यावी की नाही असा विचार करणाऱ्याला मायलेजच्या आधी हे कळायला हवं, म्हणून लिहितो आहे.

गाडी दोन दारांची, दोन सीटची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, सेकंडहँड. कापडी छप्पर, मागे खरी काच. जानेवारी ते डिसेंबर ११ हजार किमी. कंपनीचं नाव टाळलं आहे, कारण खाली लिहिलेलं कापडी छपराच्या जवळजवळ प्रत्येक गाडीला लागू पडतं. बाकीचा बहुतेक मजकूर सप्टेंबरात लिहिला, काही मतं डिसेंबरात बदलली. बदललं ते तिथेच सांगितलं आहे.

आधी एक गैरसमज. कापडी छप्पर पाणी अडवून धरतं असं आपल्याला वाटतं. ते पाणी अडवत नाही, वळवतं. कापडावरून पाणी मागे आणि बाजूंना ओघळतं, छपराच्या मागच्या कडेखाली लपलेल्या रबरी पन्हाळीत पडतं आणि दोन्ही सीटच्या मागून एकेका नळीने खाली जाऊन मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर सांडतं. सगळा निचरा या दोन नळ्यांवर. नळीचं तोंड बोटभर रुंद. ते बुजलं की पन्हाळ भरते आणि पाणी सीटमागच्या कप्प्यातून कार्पेटखाली उतरतं. वरून एक थेंब गळताना दिसत नाही. म्हणूनच सर्व्हिसवाले रबर बदलत बसतात. काही जुन्या युरोपियन गाड्यांत छप्पर उघडणारी मोटर याच कोपऱ्यात खाली बसवलेली असते. तिथे नळी बुजली की मोटरच बुडते आणि खर्च कार्पेटवर थांबत नाही.

पुण्या-मुंबईत या नळ्या पानांनी बुजतात. आपल्याकडे कापसाने. नोव्हेंबरपासून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढणाऱ्या गिरण्यांकडे, निघाल्या की रस्त्याच्या कडेच्या बाभळी पांढऱ्या होतात, तोच कापूस छप्पर उघडं असताना पन्हाळीत येऊन बसतो. त्यावर काळ्या मातीची धूळ, सोयाबीन-तुरीचं कुटार (भुसा), मग एखादी अवकाळी सर. माती ओली होऊन कापसात मुरते, वाळते आणि बोळा घट्ट होतो. उजव्या नळीतून निघालेला बोळा अंगठ्याएवढा होता, काळाकुट्ट, नमद्यासारखा दाबलेला. फोडल्यावर आत दोन सरक्या आणि कडुलिंबाच्या पानाचा एक देठ. डाव्या नळीत नुसती माती होती आणि ती अर्धवट वाहत होती. त्यामुळे पाणी उजवीकडेच जास्त साचलं.

दारव्ह्याच्या मेकॅनिकने पाहताक्षणी सांगितलं, "भाऊ, गाडी नाही गयत (गळत), पानी खालीच जात नाही." १ लाख ३८ हजारांचा अंदाज देणाऱ्याने मात्र छपराच्या मागची पन्हाळ उघडूनही पाहिली नव्हती.

सफाईची पद्धत अशी. छप्पर अर्धवट उघडून थांबवा, म्हणजे मागची कड उचलते आणि सीटच्या मागे टॉर्च मारला की पन्हाळीचं टोक दिसतं. तोंडावर प्लास्टिकची जाळी असेल तर ती आधी काढून धुवा. मग गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घ्या, कृषी केंद्रात सुटी मिळते. तिचं टोक मेणबत्तीवर धरून गोल करा, नाहीतर तिरपं कापलेलं टोक नळी ओरबाडतं. दोरी वरून फिरवत-फिरवत आत सोडा. अडली तिथे जोर लावू नका, थोडं कोमट पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, पुन्हा फिरवा. खाली चाकापुढे टोक बाहेर आलं की त्याला कापडाची पट्टी बांधून एकदा ओढून घ्या. तार वापरायची नाही, नळी फाटते. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारायची नाही: नळी जोडावरून निसटते आणि मग पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात जातं, तिथे आतून गंज धरतो आणि बाहेरून वर्षभर कळत नाही.

झाल्यावर मोजा. अर्धा लिटर पाणी पन्हाळीत हळूहळू ओता. मोकळ्या नळीतून ते १५ ते २० सेकंदांत खाली पडायला हवं. चाळीस लागले तर सफाई अर्धवट झाली. दोन्ही बाजूंचा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी फरक लगेच दिसतो.

ओलं कार्पेट वरून कोरडं लागलं म्हणून सोडू नका. फोम खाली आठवडाभर पाणी धरून ठेवतो. सीटचे चार बोल्ट काढा, पण त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा, कारण सीटखालच्या पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या आणि बेल्टच्या आहेत. कार्पेट उचलून खाली विटा ठेवा आणि दोन दिवस कूलरचा पंखा लावा, पाण्याशिवाय. पिवळ्या जोडणीत हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुकवा. दिवा त्यानंतरही स्कॅनरनेच जातो, आपोआप नाही. हे काम जवळच्या इलेक्ट्रिशियनकडे झालं, ४०० रुपयांत.

आता सर्व्हिस सेंटरशी झालेल्या भांडणाबद्दल. वॉरंटी वाढवलेली होती, ती नाकारली गेली. कारण दिलं "बाहेरून पाणी शिरलं". पाऊस बाहेरूनच येतो. अशा वेळी तोंडी वाद घालू नका. जॉबकार्डवर आपल्या अक्षरात लिहा: "पाणी कुठून येतं ते समोर चाचणी करून दाखवावं." चाचणी अशी: एक माणूस आत टॉर्च घेऊन बसतो, दुसरा बाहेरून साधा पाइप धरतो, दाब न देता. आधी दाराच्या खालच्या कडेला पाच मिनिटं, मग काचेच्या कडेला, मग पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीला, शेवटी मागच्या पन्हाळीत. खालून वर जायचं, म्हणजे कोणत्या टप्प्याला पाणी आलं ते नेमकं कळतं. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच सिद्ध होत नाही. ही मागणी लेखी केल्यावर अंदाजातून रबर वगळलं गेलं, वायरिंगही वगळलं गेलं. कार्पेट बदलायचं नाही असं सांगितलं आणि गाडी परत आणली.

विम्याचंही आधीच विचारा. साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर शून्य. कापडी छप्पर यांतलं कोणत्या रांगेत धरणार, हे पॉलिसी घेताना ईमेलवर लिहून घ्या. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) घेतली तरी विचारा. फाटल्यावर विचारलं तर उत्तर त्यांच्या सोयीचं येतं.

फाडणारे आपल्याकडे भरपूर आहेत. वांदरं टिनाच्या शेडवरून थेट छपरावर उडी घेतात आणि कापड नेमकं आतल्या कमानीवर फाटतं, कारण तिथे ते ताणलेलं असतं. चिखलदऱ्याला गाडी उभी करायची तर कापडी छपराच्या गाडीत खायची वस्तू ठेवायचीच नाही, बिस्किटाचा रिकामा पुडासुद्धा नाही. लहान फाट असेल तर शिवून घेऊ नका. सुईचं प्रत्येक भोक गळतं. त्याच जातीच्या कापडाचा तुकडा आतून चिकटवून घ्यावा. ताडपत्रीही झाकू नये: खाली घाम धरते, बुरशी येते, वाऱ्याने घासून कापडाचा पोत जातो. जाड सुती कव्हर बरं. ते नसेल तर काहीच नको, पण वर पक्कं छत हवं. नुसतं टिन मे महिन्यात भट्टी होतं.

उन्हाळ्याबद्दल सप्टेंबरात फार कडू लिहिलं होतं. त्यातलं अर्धं अजून खरं आहे. मार्चच्या मध्यापासून दुपारी छप्पर उघडणं शक्य नाही, नवतप्यात (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) तर सकाळी सातलाही नाही. बेल्टची बक्कल हाताला चटका देते, दुपट्टा टाकून ठेवावा लागतो. उन्हाने मागच्या काचेची चिकट कड सुटायला लागते. महिन्यातून एकदा नखाने चारही कोपरे दाबून पाहा, सुटलेला दिसला तर काच बसवणाऱ्याकडून पॉलियुरेथेनने लगेच धरून घ्या. पूर्ण सुटली तर बऱ्याच गाड्यांत काच एकटी मिळत नाही, अख्खं छप्परच घ्यावं लागतं. एसी मात्र अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. दोनच माणसांची जागा, दहा मिनिटांत थंड होते.

डिसेंबरची भर: मत बदललं ते ऑक्टोबरच्या शेवटापासून. सकाळी साडेसहाला छप्पर खाली, काचा वर, पायाशी हीटर, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. सागाची पानं, ओल्या मातीचा वास, दरीतून येणारं धुकं थेट अंगावर. बंद गाडीत हे मिळत नाही आणि मोटरसायकलवर हात गारठतात. हे वर्षातले साडेतीन-चार महिने आहेत, आणि तेवढ्यासाठी ही गाडी किमतीची आहे असं आता वाटतं. सप्टेंबरात "घेऊ नका" लिहिलं होतं, ते खोडलं.

खोडलं नाही ते रस्त्याबद्दलचं. जमिनीपासून उंची १२० मिमीच्या आसपास, दोघं बसले की आणखी कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून गाडी जाते. गावात पोरांनी मुरूम आणि सिमेंट टाकून केलेला तेवढाच उंच पण हातभर रुंद असतो, त्यावर पोट घासतं. तिरपं घेतलं तर निघते. मात्र छप्पर कापलेल्या गाडीचा सांगाडा पिळला जातो, तिरपं घेताना पुढच्या काचेची चौकट थरथरताना दिसते आणि दाराच्या रबराची कुरकुर ऐकू येते. ती बिघाडाची खूण नाही, पण रोज दहा गतिरोधक असतील तर काचा आणि रबर यांचं जुळणं वर्षात बिघडतं. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो, तिथे साठच्या वर जाऊ नका. पांदण रस्त्याचा विषयच नको. शेतात न्यायची गाडी वेगळी ठेवा.

समृद्धी महामार्गावर कारंज्याहून नागपूर निवांत, १३ चं मायलेज. गावरस्त्याला नऊ-दहा. शंभरच्या वर छप्पर बंद असूनही कापड फडफडल्यासारखा आवाज येतो, फोनवर बोलता येत नाही. छप्पर उघडं ठेवायचं तर सीटमागची वाऱ्याची जाळी लावा आणि नव्वदच्या आत राहा. टायर लो प्रोफाइल, स्टेपनी नाही. बाभळीचा काटा गेला तर तालुक्याच्या पंक्चरवाल्याकडे या रिमचं यंत्र नसतं, म्हणून पट्टीचा किट आणि बारा व्होल्टचा पंप डिकीत ठेवाच. हवा पहाटे थंड टायरला भरा, दुपारी गरम टायरची काढू नका. गाडी बंद पडलीच तर टो करणाऱ्याला फ्लॅटबेडच सांगा. हुकने ओढली की पुढचा बंपर जातो.

आणखी एक, बिनफ्रेमच्या काचांचं. दार उघडताना काच थोडी खाली सरकते आणि लावल्यावर वर येऊन रबरात बसते. बॅटरी उतरली की ती सरकत नाही, आणि दार ओढून लावलं तर वरचं रबर कापलं जातं. शेतीच्या दिवसांत गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहते. ट्रिकल चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा) घ्या, दोन-अडीच हजारांत येतो. रबराला सिलिकॉन ग्रीस, वर्षातून तीनदा. व्हॅसलिन किंवा साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा पेट्रोल झाकणाच्या आत ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालतं अशी खूण) लिहिलं आहे का ते पाहा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, परराज्यातली असेल तर फॉर्म २८, आणि नावावर करायला २९ व ३०. हे सगळं नंतरही बघता येतं. आधी एक लिटरची बाटली भरून न्या. मालकासमोर सीट पुढे घ्या, कार्पेटचा कोपरा उचलून फोम दाबा, मग पन्हाळीत अर्धं पाणी उजवीकडे, अर्धं डावीकडे ओता आणि खाली वाकून सेकंद मोजा. तो पाणी ओतू देत नसेल तर बाटली घेऊन परत या.