‘आधी नोकरी, मग फी’ म्हणतात आणि कर्ज तुमच्या नावावर काढतात

सांगली, मिरज, तासगाव, पलूस या पट्ट्यात डिग्री नसलेल्या पोरापोरींना ‘आयटीत लावून देतो’ म्हणणारे क्लास परत जोरात सुरू झालेत. स्टँडबाहेर पत्रकं वाटतात, रील टाकतात. ‘डिग्री नको, स्किल हवं. आधी नोकरी, मग फी.’ अशाच एका क्लासनं माझ्या नावावर पंच्याऐंशी हजारांचं कर्ज काढलं. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. शिवाय ही मंडळी पाटी बदलून मोकळी होतात. पद्धत मात्र तीच राहते, म्हणून पद्धतच लिहिते.

मी बी.एस्सी. अर्धवट सोडलं आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं बघायला लागले. टॅली, प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, बॅकअप. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून पगारपत्रकाचं दोन दिवसांचं काम तासाभरावर आणलं होतं. पण नोकरीचा फॉर्म भरायला गेलं की शिक्षणाच्या रकान्यात गाडी अडायची. आयटीतल्या मोठ्या सर्व्हिस कंपन्या फ्रेशर घेताना डिग्री तर मागतातच, वर बऱ्याच ठिकाणी दहावी-बारावीपासून साठ टक्क्यांची अट. लग्नकार्यात कुणी ‘पोरगी काय शिकली?’ विचारलं की आई ‘जेवलात का’वर जायची. हे क्लासवाले नेमकं तिथं बोट ठेवतात.

विश्रामबागेतल्या एका हॉलात फुकट सेमिनार होता. बोलणारा माणूस फारसं खोटं बोलला नाही, हे आधी सांगते. सॉफ्टवेअर बनवणारी झोहो कंपनी कॉलेजची डिग्री नसलेल्या मुलांना स्वतःच्या शाळेत शिकवून कामावर घेते, हे खरं. लहान कंपन्या कागदापेक्षा काम बघतात, हेही बऱ्यापैकी खरं. झोहो त्यासाठी मुलांकडून फी घेत नाही, उलट विद्यावेतन देते, एवढं तेवढं सांगायचं राहिलं. मग पडद्यावर बिल गेट्स आणि झुकरबर्ग आले, दोघांनी हार्वर्ड सोडलं म्हणून. (सोडायला आधी हार्वर्डात नंबर लागावा लागतो. पण टाळ्या पडत असताना असलं कोण बोलतंय.)

मागच्या खोलीत काउन्सेलर मॅडम. ‘ताई, आत्ता फक्त पाच हजार रजिस्ट्रेशन. बाकीचं नोकरी लागल्यावर.’ आधार, पॅन, पासबुक घेतलं. ‘अ‍ॅडमिशनचा फॉर्म ऑनलाइन आहे, मोबाईल द्या, मीच भरते.’ माझ्यासाठी चहा मागवला. फोन त्यांच्या हातात, ओटीपी येतील तसे त्याच टाकत होत्या. मध्येच फोन माझ्या तोंडासमोर धरून म्हणाल्या, ‘जरा सरळ बघा, डोळ्यांची उघडझाप करा. आयडी कार्डाचा फोटो आहे.’ आयडी कार्डाला डोळ्यांची उघडझाप लागत नाही. ती फायनान्स कंपनीची केवायसी होती. चहा संपेपर्यंत माझ्या नावावर पर्सनल लोन मंजूर झालं, करारावर आधारच्या ओटीपीनं माझी ई-सही झाली आणि खात्यातून दर महिन्याला हप्ता आपोआप कापायचं मँडेटही लागलं. फॉर्मवर ईमेल क्लासचाच टाकलेला, त्यामुळं कर्जाचे कागद त्यांच्याकडंच गेले. फोन परत दिला तेव्हा त्यातले मेसेज पुसलेले होते. पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत, थेट क्लासला गेले. वस्तू किंवा सेवेसाठीच्या कर्जात ते नियमात बसतं, म्हणून तेवढ्यावरून कुणाला शंका येत नाही. कर्जाला पहिले सहा महिने हप्ता नव्हता. कोर्सही सहा महिन्यांचाच होता, हा काही योगायोग नव्हे.

शिकवणं सुरुवातीला चांगलं होतं. जावा शिकवणारा पोरगा मनापासून शिकवायचा. त्याचा पगार थकला आणि तो पुण्याला निघून गेला. पुढं रेकॉर्ड केलेले व्हिडिओ.

खरा धंदा प्लेसमेंटच्या वेळी कळला. माझा बायोडेटा त्यांनी बनवून आणला, त्यात मी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कंपनीत तीन वर्षं डेव्हलपर होते. सोबत ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, नोकरी सोडल्याचं रिलीव्हिंग लेटर, सगळं शिक्क्यानिशी. म्हणाले, ‘अनुभव दाखवला की डिग्रीचं कुणी विचारत नाही.’ इंटरव्ह्यूला कानात ब्लूटूथ घालायचं, उत्तरं दुसराच सांगणार.

हे का चालत नाही, ते नीट समजून घ्या. कंपनी कामावर घेताना किंवा घेतल्यावर पार्श्वभूमी तपासते. पीएफचा यूएएन नंबर मागतात. आधी कुठं, कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला गेला, ते त्यात दिसतं. पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट मागतात, पगारातून कापलेल्या कराची नोंद मागतात. तीन वर्षांच्या नोकरीचा पीएफ नाही, बँकेत पगार नाही, तर शिक्का मारलेला कागद रद्दीत जातो. नोकरी तर जातेच, वर बनावट कागद दिल्याचा गुन्हा आपल्या अंगावर, क्लासच्या नाही. आमच्या बॅचमधल्या एकाला पुण्यात रुजू झाल्यावर महिन्याभरात लॅपटॉप जमा करून घरी पाठवलं.

मी त्या बायोडेट्यावर इंटरव्ह्यूला जायला नाही म्हटलं. त्यावर मॅडमनी क्लासचा करार उघडून दाखवला. बारीक अक्षरात लिहिलेलं: विद्यार्थ्यानं संधी नाकारल्यास नोकरीची हमी रद्द. खोटा बायोडेटा हीच त्यांची ‘संधी’. घेतली तर आपण अडकतो, नाकारली तर त्यांची हमी संपते.

त्यानंतर खात्यातून पहिला हप्ता कापला गेला आणि कर्ज काढलंय हे तेव्हा कळलं. क्लासला फोन केला तर ‘टेक्निकल एरर आहे, रिफंड येईल.’ पुढच्या महिन्यात कुलूप. फायनान्स कंपनी म्हणाली, ‘क्लास बंद पडला तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न, कर्ज तुमचं आहे.’ एक हप्ता बाउन्स झाला तर बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग. वसुलीवाले रात्री नऊला वडलांना फोन करायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. हे मी लेखी कळवलं आणि कॉलचे स्क्रीनशॉट जोडले, त्या दिवसापासून रात्रीचे फोन थांबले. तोंडी भांडून काही झालं नव्हतं.

पोलीस ठाण्यात आधी ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणाले. बॅचमधले आठ-दहा जण एकत्र गेलो, सगळ्यांचे करार, क्लासचे व्हॉट्सअ‍ॅप, खोट्या स्लिपा समोर ठेवल्या, तेव्हा तक्रार घेतली. आपण ज्याला चारसो वीस म्हणतो ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. एकट्यानं जाऊ नका.

खरा उपयोग झाला तो रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा. आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करावा लागतो. मी त्यात फक्त कागद मागितले: कर्जाचा करार, अटींचा सारांश देणारं की फॅक्ट स्टेटमेंट, ते कुठल्या ईमेलवर पाठवलं त्याची नोंद, आणि केवायसीचा फोटो कुठं काढला त्याचं लोकेशन. डिजिटल कर्जात करार करण्याआधी ते स्टेटमेंट कर्जदाराला द्यावंच लागतं, आणि दंड न भरता कर्ज परत करून बाहेर पडायची एक छोटी मुदतही द्यावी लागते. मला यातलं काहीच मिळालं नव्हतं, कारण ईमेल माझा नव्हताच. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर जाता येतं. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. माझे पुढचे हप्ते माफ झाले आणि सिबिलची नोंद दुरुस्त झाली. भरलेले हप्ते आणि रजिस्ट्रेशनचे पाच हजार मात्र मिळालेले नाहीत, त्यासाठी क्लासविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात केस आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथं फी नाही.

हमीच्या जाहिरातीबद्दलही सांगते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. निवडीची हमी आणि नोकरीबद्दलचे खोटे दावे त्यात बसत नाहीत. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चं पत्रक हातात आलं तर फेकू नका, फोटो काढून ठेवा. केसमध्ये माझ्याकडं सगळ्यात भक्कम कागद तोच निघाला.

आपले नंबर पुढं विकले जातात, हेही लक्षात ठेवा. क्लास बंद पडल्यावर मला ‘वन सिटिंग डिग्री’चे फोन सुरू झाले. परराज्यातलं विद्यापीठ, मागच्या तारखेची मार्कशीट, परीक्षा नाही. डिग्री देण्याचा अधिकार कुणाला आहे ते यूजीसी कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे, आणि बनावट विद्यापीठांची यादी यूजीसीच्या वेबसाइटवर असते. विद्यापीठ खरं असलं तरी परीक्षा न देता मिळालेली मार्कशीट तपासणीत त्या रिलीव्हिंग लेटरसारखीच उघडी पडते. मी इग्नूचं बीसीए करतेय, वेळ लागतो, लागू दे.

नोकरी लागली ती कोल्हापूरच्या एका लहान कंपनीत, टेस्टिंगची. इंटरव्ह्यूत त्यांनी स्वतःचंच अ‍ॅप समोर ठेवलं, ‘यातल्या चुका काढा’ म्हणाले. पिनकोडच्या रकान्यात मराठी आकडे टाकले तर अ‍ॅप बंद पडत होतं. डिग्रीचं विचारलं, मी नाही म्हणून सांगितलं, आणि पगार दोन हजारांनी कमी धरला. एवढा फरक पडतो, तो पडतोच.

ज्यांनी अशा ठिकाणी आधीच फोन हातात दिलाय, त्यांनी सिबिलचा अहवाल काढून बघा. पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि आपण न घेतलेलं कर्ज नावावर असेल तर ते त्यात दिसतं. ग्राहक आयोगात तक्रार, ती करण्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, दाखल करावी लागते. उशीर झाला तर त्याचं कारण वेगळं पटवून द्यावं लागतं. आमच्या बॅचमधले जे अजून ‘बघू, रिफंड येईल’ म्हणून थांबलेत, त्यांची दोन वर्षं भरत आलीत.